काका, आधी तुम्ही मला विचारलंत

काका, साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘बरं बरं, मॅचला ये’ म्हणून ठेवून देता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय. आता कसे ठेवाल?

ओहायोतल्या आपल्या शूटिंग रेंजवर बुल्सआय, म्हणजे पिस्तुलाची नेमबाजी, खेळणारे मराठी आपण दोघंच, तेव्हा बाकीच्यांना थोडं सांगायला हवं. पिस्तूल एकाच हातात धरायचं. ५० यार्डांवर दहा मिनिटांत १० गोळ्या, सावकाश. मग २५ यार्डांवर २० सेकंदांत ५ आणि शेवटी १० सेकंदांत ५. लांबच्या टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ ३.३६ इंचांचं, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाएवढं. उघड्या साइटने, म्हणजे पिस्तुलावरच्या पुढच्या खुणेने आणि मागच्या खाचेने नेम धरून, खेळताना नजर पुढच्या साइटवर रोखायची असते. मागची खाच आणि टार्गेट धूसर राहिलं तरी चालतं. पन्नाशी आली की नेमकी ती हातभर अंतरावरची साइटच धूसर होते. माझी झाली.

यावर उपाय म्हणजे रेड डॉट साइट. छोट्या एलईडीचा उजेड काचेवरून परत डोळ्याकडे येतो आणि लाल ठिपका थेट लांबच्या टार्गेटवर टेकवल्यासारखा दिसतो. नजर तिकडेच ठेवायची, काम झालं. कोल्हापूरची भाची याला चीटिंग म्हणते. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणलं ते उघड्या साइटवरच. त्या नियमांत रेड डॉटला जागाच नाही. बुल्सआयमध्ये आहे. आणि भाचीबाई, ठिपका हाताची थरथर झाकत नाही, उलट चव्हाट्यावर मांडतो. एकदा धरून बघ.

तर साइट घेतली. ज्या दुकानातून घेतली तिथल्या पोराने माझ्या पॉइंट टूटू पिस्तुलावर साइट धरून ठेवणारी पट्टी बसवली, स्क्रू आवळले, बिल फाडलं. मी म्हटलं, ठिपका गोल दिसत नाही, शेपूट दिसतंय. ‘साइट ओके आहे, मॅम.’ वर बोल्टही, म्हणजे पिस्तुलातला मागेपुढे सरकणारा भाग, अडकायला लागला. दुसऱ्या दुकानात आणखी महागाची साइट पुढे केली; तिच्यातही शेपूट. तिसऱ्या ठिकाणचे गृहस्थ सगळी उत्तरं माझ्या नवऱ्याकडे बघून देत होते. नवऱ्याला पिस्तुलातलं ओ की ठो कळत नाही, तो बिचारा माझं जाकीट धरून उभा होता. शेवटी सल्ला मिळाला, ‘या वयात दुसरा एखादा छंद बघा.’ अजून आठवलं की कानशिलं तापतात.

मग तुमचं गॅरेज. भोसरीच्या टूलरूममध्ये उमेदीची वर्षं घालवलेला माणूस, म्हणजे आल्या आल्या पिस्तूल खोलून बसणार असं मला वाटलं होतं. तुम्ही ते रिकामं आहे ना हे पाहिलंत, मलाही पाहायला लावलंत, आणि बाजूला ठेवून दिलंत. खिशातून वाण्याचं बिल काढलंत, पालथं केलंत, पेन्सिल माझ्या हातात दिलीत. म्हणालात, ‘तुला काय दिसतं ते काढ.’

काका, एवढंच. पण तोवर एकानेही मला हे विचारलं नव्हतं. सगळ्यांनी साइट तपासली, मला काय दिसतं ते कुणी पाहिलं नाही. मी स्वल्पविरामासारखं काहीतरी काढलं, डावीकडे खाली शेपूट. तुम्ही चष्मा वर सरकवून ते नीट बघितलंत, अगदी एखादं ड्रॉइंग वाचावं तसं. मग साइटमधून फोनने फोटो काढलात. फोटोत ठिपका गोल गरगरीत. ‘साइट चांगली आहे. डोळ्याला सिलिंडरचा नंबर असणार, म्हणजे बुबुळाचा आकार थोडा वाकडा, तपासून घे. तोवर उजेड कमी ठेव.’ उजेड दोन घरं खाली आणला तर शेपूट निम्मं झालं! डॉक्टरांकडे गेले तर सिलिंडरच निघाला. नवा चष्मा आला आणि शेपूट गेलं.

पट्टीचा पुढचा स्क्रू लांब होता, त्याचं टोक आत उतरून बोल्टला घासत होतं, हे तुम्ही बोल्टवरच्या चकचकीत ओरखड्यावरून ओळखलंत. बाकी काय काय केलंत ते इथे लिहीत नाही. ज्याला शिकायचंय त्याने तुमच्याकडे यावं. फक्त नातीचं चमकीवालं गुलाबी नेलपॉलिश सांगते. स्क्रूच्या डोक्यावरून पट्टीपर्यंत तुम्ही एक बारीक रेघ ओढलीत, म्हणजे स्क्रू ढिला झाला की रेघ तुटलेली दिसेल आणि मला कुणाला विचारत बसावं लागणार नाही. रेंजवर सगळे हसतात. हसू देत.

हुशार माणसं मला पुष्कळ भेटली, या देशात तर पैशाला पासरी. पण समोरच्याचं म्हणणं खरं असू शकतं असं धरून चालणारी फार थोडी. यात भलेपणा तर आहेच, पण चांगल्या कारागिराचा धडाही हाच असावा असं आता वाटतं. ज्यांना बाईचं ऐकून घेणं जड गेलं, त्यांना स्क्रूची लांबीही मोजता आली नाही, हा योगायोग मला वाटत नाही. पैशांचं काढलं तर तुम्ही म्हणालात, ‘स्क्रूचे दोन डॉलर दे.’ ते दिले, आता बाकीचं लाडवांतून फेडते. काकूंनी परवानगी दिलीय, साखरेचं कारण सांगू नका.

आणि एक. परवा रेंजवर तुम्ही सहज बोलून गेलात की तुमच्या पॉइंट पंचेचाळीस पिस्तुलावर हल्ली दोन ठिपके दिसतात. साइट बदलू नका. माझ्या डॉक्टरांचा नंबर काकूंना पाठवलाय, मोतीबिंदू आहे का बघून घ्या. तारीख घेतलीत की कळवा, गाडी मी चालवेन.

तुमची,
रेंजवरची कोल्हापूरकर