तुझा नकाशा परत पाठवतोय

खोरोग, ताजिकिस्तान
ऑगस्ट 2019

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काकूंची तब्येत आता कशी आहे? तुझा शेवटचा निरोप मला मुर्गाबला मिळाला. काठी घेऊन त्या दारापर्यंत चालत आल्या, असं तू लिहिलं होतंस. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यानंतर फोनला रेंजच नव्हती. पुढचं विचारायचं मनात घेऊनच सहा दिवस सायकल चालवली.

काल संध्याकाळी खोरोगला पोचलो. किर्गिझस्तानातल्या ओशपासून पामीरच्या डोंगरांतून इथपर्यंत रस्त्याने सुमारे 730 किलोमीटर. मला बावीस दिवस लागले, आणि त्यातले सहा दिवस सायकल जागची हलली नाही. का, ते पुढे येईलच. सोबत तुझा नकाशा पाठवतोय. त्याचा फोटो काढून ठेवलाय, पण मूळ कागद तुझ्याकडेच हवा. हँडलबारच्या पिशवीत राहून त्याच्या घड्या फाटल्या होत्या, मी मागून चिकटपट्टी लावली आहे. पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या माझ्या. तुझ्या निळ्या टिंबांपैकी बहुतेक जागी खरोखर पाणी होतं. उपग्रहाच्या चित्रांवर डोळे ताणून तू हे सगळं शोधलंस, आणि ऐनवेळी तुलाच थांबावं लागलं. प्रत्येक टिंबाजवळ बाटली भरताना हेच आठवायचं.

ओश ते सारी-ताश फार लिहीत नाही. डांबरी रस्ता आहे, चढ लांब आहे, ताल्दिक खिंड 3,615 मीटरची आहे आणि पाय ताजे असल्यामुळे ती सोपी गेली. तू सारी-ताशपुढे तांबड्या शाईने 'इथे दोन रात्री' लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्यास. मी एकच रात्र राहिलो. सकाळी तंबूची चेन उघडली तर समोर आडवी पसरलेली बर्फाची भिंत, तिच्यात 7,134 मीटरचं लेनिन शिखर, आणि वारा अजिबात नाही. असा दिवस वाया कशाला घालवायचा, असं वाटलं आणि निघालो. चूक सर्वस्वी माझी.

किझिल-आर्त खिंड 4,280 मीटरवर आहे. किर्गिझ चौकीवर बाहेर पडल्याचा शिक्का बसतो आणि ताजिक चौकी येईपर्यंत मध्ये सुमारे वीस किलोमीटर कोणाचंच राज्य नसतं. लाल मातीची वाट आहे. वर रानमेंढ्याचा पुतळा, पलीकडे चौकी. तिथे पासपोर्ट, व्हिसा आणि गोर्नो-बदख्शानचा, म्हणजे ताजिकिस्तानच्या या पामीर प्रांताचा परवाना तपासून वहीत हाताने नोंद केली. परवान्याच्या आठ-दहा छायाप्रती सोबत ठेव असं तू म्हणाला होतास, ते अगदी बरोबर. पुढे प्रत्येक चौकीवर एक प्रत पुढे केली की पाच मिनिटांत सुटका व्हायची. घड्याळ एक तास मागे गेलं आणि मी चौकीच्या पुढे सुमारे 4,000 मीटरवर तंबू ठोकला. म्हणजे आदल्या रात्रीपेक्षा आठशेहून जास्त मीटर वर. 3,000 मीटरच्या पुढे झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, हे आपल्या दोघांना पाठ होतं.

त्या रात्री झोप लागली नाही. डोकं कवटीच्या आतून कोणीतरी ठोकत असल्यासारखं दुखत होतं. पहाटे उलटी झाली. बाटलीतलं पाणी गोठलं होतं. दुसऱ्या दिवशी आणखी एक खिंड ओलांडून काराकुलला पोचलो तेव्हा सायकल स्टँडवर लावण्याचीही ताकद नव्हती. तळं दिसलं, पण त्याकडे बघावंसं वाटलं नाही. एवढी वर्षं ज्याची चित्रं आपण बघत आलो, ते तळं!

आता नकाशावरची सगळ्यांत महत्त्वाची दुरुस्ती. काराकुलच्या भोवती मी जाड चौकोन काढला आहे, तो बघ. उंचीचा त्रास वाढला तर खाली उतरायचं, हे पहिलं औषध. पण काराकुल आहे 3,900 मीटरवर. उत्तरेला जायचं तर 4,280 मीटरची खिंड, दक्षिणेला जायचं तर 4,655 मीटरची. तिथून खाली उतरायचं तर आधी वर चढावं लागतं. आपण चढ मोजले, पाणी मोजलं, मुक्काम मोजले, पण हे आपल्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. अंथरुणात पडल्या पडल्या मला ते उमगलं आणि मी खरोखर घाबरलो. दर दोन तासांनी उठून जमिनीवरच्या सतरंजीच्या काठावरून एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच टेकवत सरळ चालून बघायचो. तोल जात नव्हता, शुद्ध नीट होती, बसल्या जागी धाप लागत नव्हती. तोल गेला असता तर गाडी मिळवून, खिंड ओलांडून तसाच खाली गेलो असतो.

ज्या घरात उतरलो होतो तिथल्या किर्गिझ आजींना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. त्यांनी कपाळाला हात लावला, डोळ्यांत बघितलं, आणि मग तीन दिवस मला एकटं सोडलं नाही. दर थोड्या वेळाने चहाचा वाडगा. नाही म्हटलं तरी चहा. पहिल्या रात्री त्या माझ्या खोलीच्या दारातच अंथरूण टाकून झोपल्या. मध्यरात्री मी चाचपडत उठलो की अंधारातून आवाज यायचा, मी 'चांगलं आहे' अशा अर्थाने हुंकार द्यायचो, आणि त्या पुन्हा पडायच्या. चौथ्या दिवशी भूक लागली. मी ताटातलं सगळं संपवलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. निघताना सोमोनी, म्हणजे ताजिक पैसे, मोजून दिले. त्यांनी मुक्कामाचे घेतले आणि सूप-चहाचे परत माझ्या खिशात कोंबले.

मग तळ्याकडे गेलो. उल्का आदळून झालेल्या विवरात हे पाणी साठलंय. त्यातून बाहेर एकही नदी जात नाही, म्हणून पाणी मचूळ. रंग शब्दांत येत नाही. ढग सरकला की अर्धं तळं काळं, अर्धं निळं. काराकुल म्हणजे काळं तळं, हे नाव कसं पडलं असेल ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं. मी किनाऱ्यावर दीड तास बसलो. तुझ्यासाठी दगड उचलला नाही. तो तिथेच राहिला पाहिजे असं वाटलं.

अक-बैताल खिंडीच्या चढासाठी तू दोन दिवस धरले होतेस, ते योग्यच होते. डावीकडे मैलोन् मैल चीनच्या बाजूचं काटेरी तारेचं कुंपण, कुठे खांब उभे, कुठे उपटलेले. शेवटचा तुकडा खडीचा आणि इतका उभा, की तिथे पेडल मारता येत नाही. 4,655 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जेमतेम थोडा जास्त. वीस पावलं ढकलायचो, ब्रेक दाबून हँडलवर डोकं टेकवायचो, पुन्हा वीस पावलं. दोनदा रडू आलं, त्रासाने नव्हे. शरीर आता साथ देतंय, हे कळत होतं म्हणून. वरच्या टोकाला मोठ्याने तुझं नाव घेतलं. आसपास कोणी नव्हतं.

मुर्गाबला मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटलेले लक्षात आले, दोन्ही कॅसेटच्या, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांच्या, बाजूचे. कारण सरळ आहे. मी जड सामान सगळं मागच्या पॅनिअरमध्ये, म्हणजे चाकाशेजारच्या पिशव्यांत, भरलं होतं आणि वॉशबोर्डवर, म्हणजे कच्च्या रस्त्यावर पडलेल्या आडव्या लाटांवर, मागचं चाक तासन् तास हादरत होतं. तिथे टायरमधली हवा कमी करायची, हेही मी उशिरा केलं. तू येशील तेव्हा पाणी आणि खाण्याचं ओझं पुढच्या पॅनिअरमध्ये घे. जादा स्पोक होते, कॅसेटचं टूल होतं, पण ते फिरवायला लांब पाना नव्हता आणि कॅसेट धरून ठेवायला चेनचा पट्टाही नव्हता. मुर्गाबचा बाजार म्हणजे ओळीने मांडलेले मालवाहू कंटेनर. त्यांतल्या एका कंटेनरात ट्रक दुरुस्त करणारा माणूस होता. त्याने सायकलची कॅसेट कधी उघडली नव्हती. मी खुणांनी सांगितलं, त्याने जुन्या चेनचा तुकडा एका लोखंडी पट्टीला बांधून पट्टा बनवला, ट्रकचा पाना आणला, आणि दोघांनी मिळून ती उघडली. नंतर चाक सरळ करायला मी स्पोकची चावी फिरवत होतो तेव्हा तो शेजारी बसून रिमजवळ अंगठ्याचं नख धरून मला सांगत होता, अजून, अजून, बस. 'दोस्त' हा शब्द आम्हा दोघांच्या भाषेत एकच निघाला. 'बाजार' आणि 'हवा' हेसुद्धा.

हवेचं मात्र तुला नीट सांगायला हवं. अलिचुरच्या पठारावर दुपारनंतर पश्चिमेकडून वारा सुटतो आणि आपण जातो पश्चिमेलाच. सपाट डांबरी रस्त्यावर, सगळ्यांत हलक्या गिअरमध्ये, ताशी सहा किलोमीटर. कानात सतत घोंघावणं. पहिल्या दिवशी मी वाऱ्याशी भांडलो आणि संध्याकाळी हाती आले फक्त एकतीस किलोमीटर. दुसऱ्या दिवसापासून पहाटे चार वाजता उठू लागलो. बोटं बधिर व्हायची, तंबूवरचं दंव झटकून तो तसाच ओला गुंडाळायचो, पण अकरापर्यंत चाळीस किलोमीटर पदरात. दुपारी कुठल्यातरी खडकाच्या आडोशाला झोप. नकाशावर तू दिवसाचे टप्पे किलोमीटरमध्ये मांडलेस. या भागासाठी ते तासांत मांडायला हवेत. 'अकराच्या आधी' आणि 'अकराच्या नंतर' असे दोन रकाने मी समासात केले आहेत.

अलिचुरच्या पुढचं तुझं निळं टिंब चुकलं. ते सासिक-कुल तळं आहे, पाणी खारट, पिता येत नाही. पण त्याच्या अलीकडेच, रस्त्यालगत, अक-बालिक नावाचा झरा आहे. तळ दिसेल इतकं नितळ पाणी आणि त्यात मासे. लोक त्या जागेला पवित्र मानतात, तिथले मासे कोणी धरत नाहीत. मी वाकून ओंजळीने प्यायलो आणि सात लिटर भरून घेतलं. नकाशावर तिथे नवं टिंब दिलंय, यावेळी माझ्या हाताने.

आणि मग तो फाटा आला. डावीकडे कच्ची वाट खारगुश खिंडीकडे, अफगाण सीमेवरच्या वाखान खोऱ्याला. तू या वाटेसाठी सहा महिने वेडा झाला होतास. पामीर नदी, पलीकडच्या काठावर अफगाणिस्तान, लंगरजवळचा तो संगम जिथून पुढे तिला पंज म्हणतात, यामचूनचा किल्ला, हिंदुकुशची शिखरं. मूळ बेत तोच होता. माझ्याकडे पाच दिवसांचं खाणं होतं, पाणी होतं, चाक दुरुस्त झालं होतं, हवामान चांगलं होतं. मी सायकल आडवी टाकून फाट्यावर बसलो. एक ट्रक गेला, धूळ खाली बसली. कच्च्या वाटेवर दोनच सायकलींच्या चाकांच्या रेघा होत्या, शेजारी शेजारी, कोणातरी दोघांच्या.

मी सरळ गेलो. कोइतेझेक खिंड चढलो, 4,272 मीटर, आणि मग गुंट नदीच्या काठाने दोन दिवस उतारच उतार. पहिलं झाड दिसलं तेव्हा थांबून त्याच्या खोडाला हात लावला. मग पॉप्लरच्या रांगा, जर्दाळू वाळत घातलेली छपरं, ओलसर हवा. फुप्फुसं भरून श्वास घेता येतो, ही गोष्ट मी विसरलोच होतो.

खोरोगला ज्या घरी उतरलोय ते जुन्या पामिरी पद्धतीचं आहे. पाच खांब, आणि छतात मधोमध एकावर एक तिरके बसवलेले लाकडी चौकोन, चार. प्रत्येक चौकोन एका तत्त्वाचा, पृथ्वी, जल, वायू, अग्नी. सगळ्यांत वरच्यातून उजेड आत येतो आणि दिवसभर भिंतीवरून सरकत जातो. त्या उजेडात बसून हे लिहितोय. शेजारी शिरचाय आहे, दूध, मीठ आणि लोणी घातलेला चहा, त्यात पोळीचे तुकडे बुडवून खातात. तुला आवडेल.

परवा दुशान्बेकडे निघतो. वाखानचा भाग नकाशावर मी कोराच ठेवला आहे, एकही खूण केलेली नाही. काकू हिंडू-फिरू लागल्या की मला कळव. खारगुशपासून लंगरपर्यंत वस्ती जवळजवळ नाही आणि वाटेत वाळू आहे, त्यामुळे पाणी कुठे आणि तंबू कुठे हे नव्याने शोधावं लागेल. पुन्हा चित्रं बघायला लाग. यावेळी टप्पे तासांत मांड, आणि सारी-ताशला दोन रात्री.

काकूंना साष्टांग नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र