व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचे तिकीट काढण्याआधी पंचांग उघडा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पहिला पाऊस पडला की पर्यटन पुरवण्यांमधून उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सची रंगीत छायाचित्रे येऊ लागतात आणि इंदूरच्या मराठी घरांत 'यंदा जाऊन येऊ'ची चर्चा सुरू होते. मजकुरात कसे जायचे ते असते. कधी जायचे हे मात्र 'जुलै ते सप्टेंबर' एवढ्यावर उरकलेले असते. पहिल्यांदा जाणाऱ्याचा बेत बहुतेक वेळा इथेच फसतो, म्हणून हे पत्र.

हे राष्ट्रीय उद्यान 1 जूनला उघडते आणि 31 ऑक्टोबरला बंद होते. म्हणजे शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीचा काही उपयोग नाही, आणि दिवाळीच्या सुमारास गेलात तर वाळलेले गवत दिसेल. जूनच्या सुरुवातीला ओढ्यांमध्ये अजून बर्फ साचलेला असतो आणि फुले मोजकी. खरी बहार साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. जुलैत जिरेनियम, पोटेन्टिला आणि नशिबात असेल तर निळी पॉपी. ऑगस्टमध्ये तेरडा: गौरीला वाहतो त्याच कुळातला, पण पुरुषभर उंचीचा, गुलाबी-जांभळा, उतारच्या उतार भरून टाकणारा. ब्रह्मकमळासाठी मात्र या फुलांच्या घाटीत शोधाशोध करू नये. ते शेजारच्या हेमकुंड या शीख तीर्थस्थानाच्या उंचीवर, ऑगस्ट ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत फुलते. आपल्या गॅलरीत रात्री फुलणारे 'ब्रह्मकमळ' हा मूळ अमेरिकेतला निवडुंग आहे. दोघांचा काही संबंध नाही, त्यामुळे समोर आलेले खरे ब्रह्मकमळ कित्येकांना ओळखूच येत नाही.

आता पंचांग. या प्रवासाचे दार हरिद्वार, आणि श्रावणात ते दार गंगाजल न्यायला आलेल्या कावडियांनी भरलेले असते. पण कुणाच्या श्रावणात? शेजारच्या हिंदी घरात श्रावण सोमवार सुरू होतात तेव्हा आपल्याकडे आषाढ वद्य चालू असतो, हे इंदूरकरांना सांगायला नको. कावड यात्रा त्यांच्या श्रावणाची. ती गुरुपौर्णिमेनंतर लगेच सुरू होते आणि श्रावण शिवरात्रीला, म्हणजे आपल्या दिव्यांच्या अवसेच्या आदल्या दिवशी संपते. त्या पंधरवड्यात हरिद्वारकडे येणाऱ्या महामार्गांवरची वाहतूक वळवलेली असते, गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते आणि धर्मशाळा तुडुंब. मराठी कॅलेंडरात श्रावण अजून लागलेला नाही म्हणून निर्धास्तपणे तिकीट काढणारा नेमका त्यात सापडतो.

अधिक महिना आला की हा पंधरवडा पुढे सरकतो आणि थेट फुलांच्या बहरावर येऊन बसतो. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. गुरुपौर्णिमा 29 जुलैला आणि अमावस्या 12 ऑगस्टला. त्यामुळे या वर्षी दोनच सोयीचे काळ उरतात. एक, 20 जुलैच्या आसपास घाटीत असावे आणि गुरुपौर्णिमेआधी हरिद्वार सोडावे. दुसरा, 12 ऑगस्टनंतर. पण 15 ऑगस्ट शनिवारी आला आहे आणि त्या सुट्टीला घाटीच्या पायथ्याच्या घांघरिया या मुक्कामाच्या गावात खोली मिळणे मुश्किल, म्हणून घाटीत 18 तारखेनंतर पोहोचावे. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते. इंदूरहून हरिद्वारची थेट गाडी रोज नसते, तेव्हा जुलैचा बेत असेल तर मेमध्येच तारखा पक्क्या हव्यात; नाहीतर दिल्लीत गाडी बदलण्याची तयारी ठेवावी.

दिवस किती लागतात? मांडू किंवा पचमढीच्या हिशेबाने सहा-सात दिवस धरणारे घाटीत जेमतेम दोन तास काढून परततात. नीट मोजा. इंदूर ते हरिद्वार जवळजवळ एक दिवस. ऋषिकेश ते जोशीमठ सुमारे 250 किलोमीटर, पण घाटरस्ता; पहाटे निघालात तर नऊ-दहा तास. रात्री या रस्त्यावर वाहने सोडत नाहीत, म्हणून 'रात्रीतून अंतर कापू' हा मैदानी विचार इथे चालत नाही. तिसऱ्या टप्प्यात जोशीमठहून गोविंदघाट, तिथून 4 किलोमीटर जीपने पुलना, आणि पुलनापासून सुमारे 10 किलोमीटर पायी घांघरिया. घांघरियात निदान तीन रात्री: एक दिवस घाटीचा, एक हेमकुंडचा. मग तीच वाट उलटी. हे सगळे धरून आठ दिवस होतात, आणि नववा मोकळा.

या मोकळ्या दिवसाचीच सर्वांत जास्त चेष्टा होते. गढवालमधले श्रीनगर आणि रुद्रप्रयाग यांच्या मध्ये सिरोबगड, पिपलकोटीच्या पुढे पागल नाला, ही दरडींची जुनी ठिकाणे. मोठी दरड आली तर यंत्रे आणून रस्ता मोकळा करायला कधी चार तास लागतात, कधी दीड दिवस. मोकळा दिवस ठेवणारेही त्यात आधीच बद्रीनाथ घालून टाकतात. बद्रीनाथ गोविंदघाटहून जेमतेम 25 किलोमीटर, मोह पडणारच. पण मध्ये लामबगड आहे आणि तिथेही दरडी कोसळतात. मोकळा दिवस परतीच्या वाटेवर, जोशीमठनंतर, रिकामाच राहू द्यावा. रस्ता उघडा मिळाला तर हरिद्वारला गंगेच्या काठी बसायला दिवस मिळतो, वाया काही जात नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात: चारधाम यात्रेच्या सरकारी संकेतस्थळावर हेमकुंड साहिबची नोंदणी होते, ती मोफत आहे, निघण्याआधी करून छापील प्रत जवळ ठेवावी. घाटीचा परवाना वेगळा, वनखात्याचा, ओळखपत्र लागते. रोख पैसे जोशीमठलाच काढावेत. घांघरियात वीज आणि मोबाइलचे नेटवर्क दोन्ही लहरी.

पुलना ते घांघरिया हा चढ सुमारे हजार मीटरचा, दगडांनी बांधलेल्या वाटेवरचा. सवय नसलेल्याला सहा-सात तास लागतात, म्हणून नऊच्या आत चालायला लागावे. भ्यूंडार गावानंतर नदी ओलांडली की शेवटचे तीन-चार किलोमीटर खरी परीक्षा घेतात, आणि दुपारी उशिरा निघालेला तिथे पावसात आणि अंधारात अडकतो. या वाटेवर खेचरे सतत ये-जा करतात. खेचर समोरून आले की डोंगराच्या बाजूला सरकून उभे राहायचे, दरीच्या बाजूला कधीच नाही. पाठीवरचे ओझे दोन्ही अंगांना बाहेर आलेले असते आणि त्याचा नुसता धक्काही पुरतो. दगडांवर लीद आणि पाऊस एक झाला की साबण फासल्यासारखे होते. टोकाला लोखंड लावलेली काठी गोविंदघाटला मिळते, ती उतरताना अधिक कामाची. हेलिकॉप्टर आहे, पण ढग उतरले की उडत नाही. आणि ते फक्त घांघरियापर्यंत. घाटीत खेचरांना बंदी आहे. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी पाठीवरच्या टोपलीत बसवून नेणारे कंडीवाले मिळतात.

घांघरियाच्या पुढे वाट फुटते: उजवीकडे हेमकुंड, डावीकडे घाटी. घाटीच्या वाटेवरची वनखात्याची चौकी सकाळी सातच्या सुमारास उघडते, तेव्हा तिथे असावे. दुपारी उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत, पाचच्या आत सगळ्यांनी बाहेर यायचे असते, आणि मुक्कामाला परवानगी नाही. घाटीची वाट आधी पुष्पावती नदीच्या पुलावर उतरते आणि मग भोजवृक्षांच्या रानातून खडी चढते. तीनेक किलोमीटरवर पहिले मोकळे कुरण लागते. दहा वाजता निघालेले इथे दमून, फोटो काढून मागे फिरतात, आणि घाटी तर इथून सुरू होते! पुढचे चार-पाच किलोमीटर जवळपास सपाट आहेत. 1939 साली याच उतारांवर फुले गोळा करताना घसरून मरण पावलेल्या जोन मार्गारेट लेग या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंची कबर आतच आहे. तिथपर्यंत गेले तर बरेच पाहिले असे समजावे. आत दुकान नाही, चहा नाही, आडोसा नाही. पराठे घांघरियातून बांधून न्यावेत आणि शेवेच्या पुडीचा कागदही परत आणावा. कर्मचारी पांढऱ्या तुऱ्यांची झाडे उपटताना दिसले तर त्यांच्याशी वाद घालू नये. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, चराई थांबली, आणि ही नॉटवीड नावाची वनस्पती बाकीच्या फुलांना झाकून टाकू लागली; तिला दरवर्षी काढावे लागते.

घाटी आधी, हेमकुंड नंतर, हा क्रम बदलू नये. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, घांघरिया तीन हजारांवर आणि हेमकुंड सव्वाचार हजारांच्याही वर. तिथे दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्के असतो. घाटीच्या दिवशी शरीर थोडे सरावते, म्हणून तो दिवस आधी. हेमकुंडला सहा किलोमीटरच अंतर, पण उभा चढ. दुपारी दोनच्या आत उतरायला लागावे. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, चालताना तोल जाऊ लागला, तर गोळी घेऊन वर जाण्याचा हट्ट करू नये. पाचशे मीटर खाली उतरणे हेच औषध. विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची असेल तर इथूनच डॉक्टरांना विचारून, विशेषतः सल्फाची अॅलर्जी असेल तर.

तयारीला रालामंडलची टेकडी पुरते, पण पाठीवर पाच किलोची पिशवी घेऊन आणि दोनदा चढ-उतर करून. आठवड्यातून तीन दिवस, दीड महिना. जीन्स घरी ठेवावी: भिजली की तिथल्या हवेत दोन दिवस वाळत नाही आणि अंगाला थंडी लावते. सॅकवर पावसाळी आवरण पुरत नाही, पाणी पाठीकडून शिरते. कपडे आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधावेत.

आपले,
लोकमान्य नगर, इंदूर येथील काही गिरिभ्रमणप्रेमी

ता. क. कपाटात तीन-चार वर्षे पडून असलेले ट्रेकिंगचे बूट नवे दिसले तरी त्यांच्यावर विसंबू नये. तळव्यातला फेसासारखा थर हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो. पुलनाच्या पहिल्या चढावर टाच उघडते आणि तासाभरात अख्खा तळवा हातात येतो. घरी बूट वाकवून पाहावा, तळव्याच्या कडेला बोटाने दाबावे. चुरा पडला किंवा भेग दिसली तर मोच्याकडून चिकटवून किंवा शिवून भागत नाही; नवा घेऊन निदान 50 किलोमीटर इथेच चालून पाहावा.