मशीनमधलं ऊन

बाळा,

काल व्हिडीओ कॉलवर तू शर्ट काढून पाठ दाखवलीस, आई कौतुकानं बघत होती पण माझं लक्ष तुझ्या खांद्यांकडं, कातडी सोललेली आणि कंबरेला चड्डीच्या पट्टीची फिकट रेघ. विचारलं तर म्हणलास बॉडीबिल्डिंगच्या स्टेजवर लाईटखाली स्नायूंचे कट दिसायला पाहिजेत म्हणून आठवड्यातनं तीनदा सनबेडवर, त्या अतिनील किरणांनी अंग काळं करायच्या मशीनमध्ये झोपतो. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही लेका.

कॉम्पिटिशनला माझी ना नाही. आपल्या घरात तालीम आहेच, तुझे आज्जा कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत कुस्तीच्या हौद्यात उतरायचे, त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालायचे. पण मशीनमधलं ऊन ही वेगळी गोष्ट आहे. कातडी काळी पडते ती आतल्या पेशींना, त्यातल्या डीएनएला मार बसल्यावर, मेलॅनिन म्हणजे कातडीतलं रंगद्रव्य त्या पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखं जाऊन बसतं, म्हणजे रंग चढला की समजायचं इजा होऊन गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेनं २००९ सालीच सनबेड तंबाखूच्या गटात टाकलंय, म्हणजे ज्यांच्यामुळं कॅन्सर होऊ शकतो हे पक्कं ठरलंय त्या गोष्टींच्या. तिथं इंग्लंडमध्ये २०११ पासून १८ च्या आतल्या पोरांना बंदी आहे, तू २३ चा म्हणून कोण अडवत नाही एवढंच. आपली कातडी सावळी म्हणून धोका कमी असतो हे खरं, पण नसतोच असं नाही आणि आपल्यात तो लवकर ओळखतबी नाहीत.

आज्जांचा डावा डोळा आठवतोय का, नाकाच्या बाजूनं बुबुळावर चढलेलं ते गुलाबी मांस? चाळीस वर्षं उसात उन्हात राबल्यावर झालं ते, डॉक्टरांनी ऊन आणि धूळच कारण सांगितलं होतं. तू गॉगल न लावता नुसते डोळे मिटून पडतोस म्हणलास, पापणीनं ते किरण पुरते अडत नाहीत रे.

रंगच पाहिजे ना, मग स्प्रे टॅन मार की, अंगावर फवारायचा रंग. त्यात डीएचए नावाचं रसायन असतं, ते वरच्या मेलेल्या थरावरच रंगतं आणि आठवड्याभरात निघून जातं, स्टेजवाली बरीच पोरं तेच मारतात. आधी हातावर थोडं लावून बघ, मारताना डोळे, ओठ, नाक झाकून घे, श्वासात जाऊ देऊ नको. आणि त्या रंगानं उन्हापासून बचाव होत नाही, बाहेर पडताना सनस्क्रीन लागणारच. व्हिटॅमिन डीचं म्हणशील तर तिथलं सरकारच थंडीत रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्या म्हणतं, त्यासाठी मशीन कशाला.

अजून एक, जिममधलं कोण मेलॅनोटॅनचं, म्हणजे कातडी काळी करायचं इंजेक्शन नाहीतर नाकात मारायचा स्प्रे देत असेल तर हातबी लावू नको, शप्पथ आहे तुला माझी. त्याला तिथं औषध म्हणून परवानगीच नाही, उलट्या होतात आणि अंगावरचे तीळ बदलायला लागतात.

तिळावरनं आठवलं, तुझ्या उजव्या खांद्यामागं जन्मापासनं एक तीळ आहे, तू तान्हा असताना आंघोळ घालताना आई त्याच्यावर बोट ठेवायची. तो तुला स्वतःला दिसत नाही. आज रूममेटला सांगून शेजारी नाणं धरून त्याचा फोटो काढ आणि मला पाठव, कडा वेड्यावाकड्या झाल्या असतील, मोठा झाला असेल, खाजत असेल किंवा रंग दोन-तीन दिसत असतील तर उद्याच डॉक्टरची अपॉइंटमेंट घे. मी जागाच आहे.

तुझा पप्पा