फोनवर राहिलेला हिशेब

फैजपूर,
दि. १७ जून २०२५

चि. रेणुका हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास, त्यानंतर मी बराच वेळ ओट्यावरच बसून होतो. आई आतून दोनदा विचारून गेली आणि दोन्ही वेळा मी 'रेंज नव्हती' असे सांगितले. आवाज माझाच चढला होता, हे मला मान्य आहे. म्हणून जे बोलायचे होते ते लिहून पाठवतो. कागदावर निदान आकडे तरी एकाखाली एक मांडता येतात.

तुझ्या प्रवेशाबद्दल मी अभिनंदनाचा एक शब्दही बोललो नाही. तुला बोललो नाही, पण सोमवारी सकाळी डेअरीवर, सलूनमध्ये आणि कांतीकाकांच्या दुकानात, अशा तीन ठिकाणी ती बातमी मीच सांगितली. चौथीत असताना तू विहिरीत दोर सोडून पाणी किती हात खाली गेले ते वहीत लिहायचीस. ती वही आईच्या कपाटात आहे. विहीर आटली, बोअर दोनशे फुटांवरून सहाशेवर गेली, आणि आता पाण्याचेच शास्त्र शिकायला तू जर्मनीला निघालीस. जाऊ नकोस असे मी कधीही म्हणणार नाही.

तू पाठवलेला हिशेब मी दोनदा तपासला; बेरीज कुठेही चुकलेली नाही. तुझ्या तिथल्या सरकारी विद्यापीठात शिकवणीची फी नाही, मात्र व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच बँकेत अडकवून ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच हाती येतात. आजच्या भावाने ही रक्कम पावणेबारा लाखांच्या घरात जाते. तुझी शिल्लक ५,१०,००० आणि नवे कर्ज ७,५०,००० धरले, तर तिकीट आणि गरम कपड्यांसह पहिले वर्ष निघते. साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते, आणि घराचे कागद बँकेत जाऊ नयेत म्हणून तू कर्ज बरोबर तिथेच थांबवलेस, हेही माझ्या ध्यानात आले. नव्या कर्जाचा हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षाने सुरू होईल, तोवर साधे व्याज चढत राहील. दहा टक्के धरले तर वर्षाला ७५,०००. तेही मला मान्य आहे, कारण पुढे कमाई युरोत झाली तर ते जड जाणार नाही. मैत्रिणीने सांगितलेली ८०ई कलमाची करसवलत मात्र तूर्त हिशेबातून काढून टाक. ती जुन्या करपद्धतीतच मिळते, शिवाय ज्या वर्षी इथे पगारच नाही त्या वर्षी वजावट कशातून करणार?

माझे अडते ते जुन्या कर्जापाशी. बी.ई.चे २,८५,००० अजून बाकी आहेत, त्याची सवलतीची मुदत केव्हाच संपली आहे, आणि ८,९०० चा हप्ता दर पाच तारखेला जायलाच हवा. कागदाच्या तळाशी तू त्यापुढे लिहिले आहेस, 'तिथे काम करून भागवीन.' विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येते, हे भूषणने मला वाचून दाखवले. पण ते काम पहिल्याच महिन्यात, भाषा नीट येण्याआधी मिळेल, हे तुला कोणी सांगितले? ८,९०० म्हणजे जवळपास ९० युरो. काम मिळेपर्यंत ते त्या ९९२ मधूनच जाणार. घरमालक भाडे कमी करत नाही, तेव्हा कमी होणार ते तुझे ताट.

या विषयावर पुन्हा बोलायचे नाही, असे ठरवूनच मी लिहायला बसलो होतो. पण २०१९ च्या अक्षय्य तृतीयेची आखाजी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तू झोक्यावर बसलीस, दोर धरायला हात वर केलास आणि बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. मेसची एक वेळ बंद करून तू महिन्याला ११०० रुपये वाचवत होतीस आणि कर्जावर चढणारे व्याज भरत होतीस. नऊ महिन्यांच्या नऊ पावत्या तुझ्या पुस्तकात निघाल्या. त्या हातात घेतल्यावर मला पहिल्यांदा अभिमान वाटला, आणि तो वाटला याची लाज मला आजही वाटते.

कर्ज काढणे वाईट आहे असे मी मानत नाही. हे घर, ती बोअर, तुझे बी.ई., सगळे कर्जावरच उभे राहिले. मात्र कर्ज घेणाऱ्याने जमाखर्च रोज लिहावा, तूट आली तर पहिल्याच महिन्यात घरी सांगावी, आणि पोटाला चिमटा घेऊन हप्ता भरला म्हणजे हिशेब जुळला असे समजू नये. असो. निवृत्त होऊन तीन वर्षे झाली तरी वर्गावर उभे राहण्याची सवय गेलेली नाही; रागावू नकोस.

आणि हे लपवणे तू कोणाकडून शिकलीस तेही मला ठाऊक आहे. २००९ मध्ये मी एका सहकाऱ्याला जामीन राहिलो, तो थकला आणि माझ्या पगारातून महिन्याला ३,४०० कापले जाऊ लागले, ते पन्नास महिने. आईला मी फंडाची वर्गणी वाढवली असे सांगितले होते. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस. पगाराची स्लिप तुझ्या हाती लागली, ती तू गुपचूप माझ्याकडे आणून दिलीस आणि आईसमोर अवाक्षर काढले नाहीस. मी तुला शहाणी म्हणालो. म्हणायला नको होते.

तेव्हा आता माझी तूट आधी सांगतो. गेल्या आठवड्यातल्या वादळाने 'थोडे नुकसान' झाले असे मी तुला म्हणालो, ते खरे नाही. कापणीला आलेली केळीची नवती बाग निम्म्याहून अधिक आडवी झाली आहे. पीककर्जाचे १,८०,००० रुपये ३० जूनच्या आत भरले नाहीत तर बिनव्याजी सवलत हातची जाते, म्हणून ते ग्रॅच्युइटीच्या सहा लाखांच्या ठेवीतून भरणार आहे. आईच्या गुडघ्यांचे २,५०,००० वेगळे काढले आहेत आणि त्यांना मी हात लावत नाही; हे वाक्य तिच्यासमोर लिहितो आहे, ती चष्मा लावून वाचते आहे. उरतात १,७०,०००. त्यातले दीड लाख तुझ्या जुन्या कर्जात भरू. बाकी १,३५,००० राहील, आणि मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून मागितला तर तो ४,२०० च्या आसपास बसेल. नव्वदचे त्रेचाळीस युरो होतात. तुझ्या मनाला पटत नसेल तर उसने समज, पण नाही म्हणू नकोस.

आणखी एक. जुनी बाकी आणि नवे कर्ज बँक एकत्र धरणार की वेगळे, हे मॅनेजरकडून लेखी घे. एकत्र धरले तर साडेसात लाखांची तुझी मर्यादा तिथेच ओलांडली जाते आणि तारणाचा प्रश्न पुन्हा दारात येतो. तसे झाले तर घराचे कागद द्यायला मी तयार आहे, हे रविवारी बोललो तेच पुन्हा सांगतो.

सहकर्जदार म्हणून माझी सही लागेल, तेव्हा २५ तारखेला भुसावळला उतर, मी घ्यायला येतो. जुन्या कर्जाचे स्टेटमेंट बरोबर आण. आईने कुरडया आणि पापड बांधून ठेवले आहेत. तिकडे न्यायला चालतात का ते विचारून ठेव. गेल्यावर दर रविवारी, त्या दिवशी दोन्ही वेळा काय जेवलीस ते कळवत जा.

हे शेवटचे वाक्य मी खोडणार होतो. आई म्हणते, राहू द्या.

तुझे,
नाना