जातीचा विषय मंडळीच्या सभेतही निघू द्या

संपादक महोदय,

दलित ख्रिस्ती बांधवांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळावा, ही मागणी करताना आम्ही ख्रिस्ती लोक दिल्लीकडे बोट दाखवतो आणि ते रास्तही आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती व मुस्लिम मात्र बाहेरच राहिले. त्याविरुद्ध 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि 2007 मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढण्याची शिफारस केली. या सगळ्या ठिकाणी आमचा युक्तिवाद एकच असतो, की धर्म बदलला तरी जात सुटत नाही. मग हेच वाक्य स्वतःच्या मंडळीत, म्हणजे आपल्याच चर्चच्या सभासदांत, उच्चारायला आम्ही का कचरतो?

आमच्या नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 मध्ये सुरू झाले. ख्रिस्ती झालेल्यांत पूर्वाश्रमीचे महार बहुसंख्य होते, मांगही होते, ब्राह्मण अगदी मोजके. त्यांचे वंशज आज एका बाकावर बसून प्रभुभोजन घेतात. पण सोयरिकीची वेळ आली की ‘तुम्ही मूळचे कोण?’ हे आडून आडून विचारले जातेच. नकार देताना पत्रिकेवर खापर फोडण्याची सोय आमच्यात नाही, त्यामुळे ‘मुलीला अजून शिकायचे आहे’ असा निरोप धाडला जातो. गोव्यातही काही गावांतील चर्चच्या कॉन्फ्रारियांत (धार्मिक बंधुसंघांत) आणि फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) मानपानात बामण-चार्डो या वरच्या समजल्या जाणाऱ्या ख्रिस्ती जातींच्या वर्चस्वावरून तंटे झालेले आहेत.

कोणी विषय काढलाच, तर बायबलमधील गलतीकरांस पत्रातले ‘यहूदी व हेल्लेणी (ग्रीक)’ हा भेद नाकारणारे वचन वाचले जाते आणि प्रार्थनेने सभा आटोपते. वास्तविक त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, परराष्ट्रीयांच्या (यहूदी नसलेल्यांच्या) पंगतीतून उठून वेगळ्या बसलेल्या प्रेषित पेत्राला आपण अंत्युखिया शहरात सर्वांदेखत सुनावले, असे पत्रलेखक प्रेषित पौल सांगतो. ते प्रकरण वेदीवरून क्वचितच ऐकू येते.

घरचे भांडण चव्हाट्यावर आले तर मागणीचे विरोधक त्याचा फायदा घेतील, अशी भीती ज्येष्ठ मंडळी बोलून दाखवतात. पण कॅथलिक बिशपांच्या अखिल भारतीय परिषदेने 2016 मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करून चर्चमधील जातिभेद उघडपणे मान्य केलेला आहे, तेव्हा आता झाकायचे ते काय उरले? उलट, ज्या मंडळीच्या इतिवृत्तात या विषयाची एकही नोंद नाही, तिने एखाद्या आयोगापुढे जाऊन भेदभावाची तक्रार केली तर तिच्यावर विश्वास कोणी ठेवावा?

तेव्हा प्रत्येक मंडळीने निदान वार्षिक सभेत, हिशेब मंजूर झाल्यावर घाईने उठून न जाता, कमिटीवर आणि विश्वस्तांत कोण आहेत, कोणाच्या घरची स्थळे कोण टाळते, यावर बोलावे. ज्यांनी सोसले त्यांना आधी बोलू द्यावे, आणि बोलणे कितीही कडू वाटले तरी पाळकसाहेबांनी मध्येच समारोपाची प्रार्थना सुरू करू नये, एवढी नम्र विनंती.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, अहिल्यानगर