टॅबवर एडिटिंग शिकवताना आधी कात्री द्या, इफेक्ट नंतर

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत टॅबवर व्हिडिओ एडिटिंगचा लेख आला, विषय घेतलात ते बरं केलंत, कारण घरोघरी टॅब पडून आहेत, कुणाला मुलाने पाठवलेला, कुणाच्या पोराला सरकारच्या महाज्योती संस्थेकडून नीट-सीईटीच्या तयारीला मिळालेला आणि परीक्षा झाल्यावर नुसता यूट्यूबपुरता उरलेला. पण लेखात अ‍ॅपची यादी आणि मग थेट फिल्टर, स्लो मोशन, ट्रान्झिशन. नवशिक्याचं घोडं तिथे अडतच नाही हो! मी आमच्याकडे लायब्ररीत हौशी मंडळींना हेच शिकवतो म्हणून लिहितोय.

घोडं अडतं ते टॅबमधल्या साठवणीच्या जागेवर. आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं की जुन्या एच 264 फॉरमॅटमध्ये 1080पी (नेहमीचं एचडी), सेकंदाला 30 फ्रेमचा एक मिनिट म्हणजे साधारण 130 एमबी, आणि 4के, म्हणजे त्याहून बारीक चित्र, केलं की 350. आता अर्ध्या तासाचं बारसं कुणी हौसेने 4केमध्ये घेतलं की झाले साडेदहा जीबी, 32 जीबीच्या टॅबमध्ये ते मावणार कुठे, त्यात तयार फाइल सेव्ह करायला परत वेगळी जागा लागते. मग लोक काय करतात, तर काम अर्धवट असतानाच गॅलरीतले मूळ व्हिडिओ उडवतात आणि प्रोजेक्ट उघडला की नुसते काळे चौकोन. बऱ्याच अ‍ॅपमध्ये मूळ व्हिडिओची कॉपी होतच नाही, कुठली क्लिप कितव्या सेकंदापासून घ्यायची एवढंच टिपून ठेवलेलं असतं. हे पहिल्याच परिच्छेदात यायला हवं होतं.

दुसरं म्हणजे कापणं. स्प्लिट (क्लिपचे दोन तुकडे करणारं) आणि डिलीट ही दोन बटणं आली की निम्मं काम झालं. सुरुवातीचं "चालू झालं का रे?" आणि शेवटी कॅमेरा बंद करायला पुढे येणारा हात, एवढं उडवलं तरी व्हिडिओ बघण्यासारखा होतो. आणि टॅबची खरी मजा इथेच आहे, दोन बोटांनी टाइमलाइन, म्हणजे क्लिप ओळीने मांडलेली पट्टी, ताणायची आणि शब्द संपतो तिथे बरोबर कापायचं, मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर ते जमता जमत नाही.

मराठी अक्षरांबद्दल तर लेखात अवाक्षर नाही! काही अ‍ॅपमध्ये टायटल टाकलं की वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे, जोडाक्षराचे पाय मोडलेले. म्हणून अ‍ॅप घेतल्या घेतल्या 'श्री', 'त्र्यंबक', 'किल्ला', 'वऱ्हाड' एवढे शब्द टाइप करून बघायचे, नीट दिसले तरच पुढे जायचं. अ‍ॅपमध्ये बाहेरचा फॉन्ट चालत असेल तर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट फुकट मिळतात, छान दिसतात.

यादीबद्दल एकच. त्यातलं व्हिवाव्हिडिओ जून 2020 मध्ये टिकटॉकबरोबर बंदी घातलेल्या 59 अ‍ॅपमध्ये होतं, अशी नावं छापली की लोक कुठल्यातरी साइटवरून एपीके, म्हणजे अ‍ॅपची फाइल, उतरवतात, मग टॅबमध्ये काय शिरेल ते सांगता येत नाही. आयपॅड असेल तर आयमूव्ही हे एडिटिंग अ‍ॅप फुकट आहे, व्हिडिओवर वॉटरमार्कही (अ‍ॅपच्या नावाचा शिक्का) येत नाही. काइनमास्टर अ‍ॅपच्या फुकट व्हर्जनमध्ये तो येतो, पण शिकण्यापुरतं काय बिघडतं? फायनल कट प्रो हे व्यावसायिकांचं एडिटिंग अ‍ॅप आयपॅडवर 2023 मध्ये आलं ते खरं, पण त्याला वर्गणी भरावी लागते, बारशाच्या व्हिडिओला ते कशाला हवं.

पुढचा भाग काढणार असाल तर पाठवण्याबद्दल जरूर लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ टाकला की तो दाबला जातो, धूसर होतो, आणि लोक म्हणतात टॅबच खराब. तोच डॉक्युमेंट म्हणून टाकला तर जसाच्या तसा जातो, 2 जीबीपर्यंत चालतो.

– एक वाचक, मिरज