नवऱ्याच्या रक्ताचे इंजेक्शन देण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांना ‘इम्यून ट्रीटमेंट’, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीवरचा उपचार, सुचवली जाते. पण या एकाच नावाखाली दोन अगदी निराळे उपचार खपतात.

पहिला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमवरचा. या आजारात शरीर स्वतःविरुद्धच अँटिबॉडी बनवते आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. ल्युपस अँटिकोअॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या तीन तपासण्यांपैकी एखादी पॉझिटिव्ह आली, तर ती किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करायची. साध्या तापानंतरही अँटिकार्डिओलिपिन काही काळ वाढते, आणि हेपरिन (रक्त गोठू न देणारे औषध) चालू असेल तर ल्युपसची तपासणी फसवू शकते. दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आली, तर कमी मात्रेची अॅस्पिरिन आणि पोटावर हेपरिनचे इंजेक्शन. लंडनमध्ये १९९७ साली ९० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत नुसत्या अॅस्पिरिनवर ४२ टक्के, तर हेपरिन जोडल्यावर ७१ टक्के स्त्रियांना मूल झाले.

दुसरा ‘एलआयटी’, म्हणजे लिम्फोसाइट इम्युनोथेरपी. नवऱ्याचे रक्त काढून फिकॉल या पेशी वेगळ्या करणाऱ्या द्रवावर यंत्रात फिरवतात. वर पिवळसर प्लाझ्मा, तळाशी लाल पेशी आणि मध्ये पांढऱ्या पेशींचा (लिम्फोसाइट्सचा) पांढुरका पातळ थर. तो उचलून सलाइनने धुतात आणि बायकोच्या हातावर, कातडीतच, चार-सहा ठिकाणी टोचतात. गर्भाला आईच्या प्रतिकारशक्तीपासून वाचवते असे मानली जाणारी ‘ब्लॉकिंग अँटिबॉडी’ तपासणीत पॉझिटिव्ह येईपर्यंत डोस चालूच. पण अँटिबॉडी वाढली म्हणजे गर्भ टिकेल, असे नाही. अमेरिकेतल्या १९९९च्या चाचणीत गर्भ २८ आठवड्यांपर्यंत टिकण्याचे प्रमाण या इंजेक्शनांनी ३६ टक्के होते, नुसत्या सलाइनने ४८! २००२ मध्ये तिथल्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने परवानगी घेतलेल्या संशोधनाबाहेर ते देण्यास मनाई केली. थर नीट वेगळा झाला नाही तर लाल पेशीही सोबत जातात. बायकोचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल, तर तिच्या शरीरात त्या लाल पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात; पुढच्या बाळासाठी ते संकटच. शिवाय हे रक्तच आहे. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी तपासल्याशिवाय टोचणे म्हणजे कहर.

तरी ‘गुण आला’ असे वाटते, त्याचे कारण साधे आहे. २०१५च्या ब्रिटन-नेदरलँड्समधील प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या चाचणीत, वारंवार गर्भपातांचे कारण न सापडलेल्या ज्या स्त्रियांना खोटे औषध दिले, त्यांतल्या ६३ टक्के स्त्रियांनाही मूल झाले. पेढे आले की श्रेय इंजेक्शनला!

पहिल्या तीन महिन्यांतले निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. ते तपासायचे, तर पडलेला गर्भ निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवावा लागतो. सवयीने फॉर्मालिनच्या बरणीत टाकला की पेशी मरतात आणि कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) होत नाही. क्युरेटिंगला (गर्भाशय साफ करायला) नेण्यापूर्वीच बरणीत काय आहे, ते नातेवाइकांनी विचारून घ्यावे.

— एक स्त्रीरोगतज्ज्ञ, सातारा